भट्टी चालू झाली की बोर्ड का मरायचा: कर्नलच्या डीबग पर्यायांचं एक प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत आम्ही बसवलेला डेटा लॉगर, म्हणजे आकड्यांची नोंद ठेवणारा छोटा संगणक, मधूनच बंद पडून आपोआप पुन्हा चालू व्हायला लागला. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. एखादा आठवडा काहीच नाही. तिथल्या मेंटेनन्सच्या काकांनी फोनवर सांगितलेलं वाक्य मला अजून तसंच आठवतंय: "साहेब, तुमचा डबा रोज न्हाई मरत. पण मरतो तवा भट्टी टाकतानाच मरतो बघा."

त्या वाक्यात निम्मं उत्तर होतं. ते समजायला आम्हाला तीन आठवडे लागले. त्यातले बरेचसे दिवस कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बांधताना डीबगचे, म्हणजे दोष शोधण्याचे, कोणते पर्याय चालू करायचे, हे चुकल्यामुळे गेले. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

मांडणी काय होती

लॉगर म्हणजे चार कोअरचा ६४ बिटी आर्म बोर्ड, १ जीबी रॅम, त्यावर लिनक्सच्या ६.१ या दीर्घकालीन शाखेचं आम्ही स्वतः बांधलेलं कर्नल. इंडक्शन भट्टीच्या कॉइलमधून फिरणाऱ्या पाण्याचं तापमान, वीज मीटरचे आकडे आणि ओतण्याआधी मेटलचं तापमान ही नोंद तो ठेवतो. संवेदकांचं कार्ड आमच्या शिवाजी उद्यमनगरातल्या दुकानात तयार झालेलं, बोर्डाला यूएसबीने जोडलेलं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा कर्नलमधला कोड, मी लिहिलेला. दर अर्ध्या सेकंदाला एक विलंबित काम, म्हणजे कर्नलच्या भाषेत ‘डिलेड वर्क’, उठतं, कार्डाकडून वाचन घेतं आणि स्वतःलाच पुढच्या अर्ध्या सेकंदासाठी पुन्हा रांगेत लावतं.

बोर्डावर हार्डवेअर वॉचडॉग आहे. ३० सेकंद कोणी हाक मारली नाही तर तो बोर्ड रीसेट करतो. फौंड्रीसाठी ही सोय चांगली, पण आमच्यासाठी तीच अडचण ठरली. कर्नल मेलं की थोड्या वेळात बोर्ड पुन्हा उभा, आणि मरताना काय म्हणाला त्याचा मागमूस नाही. त्या वेळी चालू असलेल्या हीटची, म्हणजे भट्टीतल्या एका वितळणीची, नोंद मात्र अर्धी जायची. कास्टिंग घेणारा ग्राहक हीटनिहाय तापमान मागतो, त्यामुळे फौंड्रीवाल्यांचा राग रास्त होता.

पहिला संशय अर्थातच वीजपुरवठ्यावर. एसएमपीएस बदलला, केबलींना फेराइट घातले. फरक पडला नाही.

सगळं एकदम चालू करण्याची चूक

‘मेक मेन्यूकॉन्फिग’ उघडलं की तळाशी ‘कर्नल हॅकिंग’ नावाचा भाग असतो. तिथे पर्यायांची लांबच लांब रांग आहे. मी त्यातला जो ओळखीचा दिसला तो चालू केला: केसॅन, प्रूव्ह लॉकिंग, केमेमलीक, डीबग पेजअलॉक. शिवाय सीरियल कन्सोलवर लॉगची पातळी सगळ्यात वर. काहीतरी सापडेलच, असा हिशेब.

सापडलं ते भलतंच. केसॅन, म्हणजे कर्नलमधला चुकीचा मेमरी वापर पकडणारी यंत्रणा, कर्नलमध्ये २०१५ साली ४.० आवृत्तीत आली. तिचा सर्वसाधारण प्रकार प्रत्येक आठ बाइटांमागे एक बाइट सावली म्हणून राखून ठेवतो. आमच्या १ जीबीतले १२८ एमबी तिथेच गेले. शिवाय प्रत्येक वाचन-लेखनाआधी तपासणी. प्रूव्ह लॉकिंग, ज्याच्या यंत्रणेला लॉकडेप म्हणतात, प्रत्येक लॉकचा (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाचा) क्रम लक्षात ठेवतं, त्याचाही भार. आणि सीरियल कन्सोल: १,१५,२०० बॉडला सेकंदाला साधारण ११,५२० अक्षरं जातात, म्हणजे ८० अक्षरांच्या एका ओळीला सुमारे ७ मिलिसेकंद. शेकडो ओळी ओतल्या की कर्नल तिथेच अडकून राहतं.

परिणाम असा की बोर्ड उभा राहायलाच ३० सेकंदांहून जास्त घ्यायला लागला आणि वॉचडॉग त्याला मध्येच पाडायला लागला. दोन दिवस आम्ही हाच मूळ दोष समजून त्याच्या मागे लागलो होतो. तो आमच्याच बिल्डने, म्हणजे नव्याने बांधलेल्या कर्नलने, तयार केलेला नवा दोष होता. वॉचडॉग बंद केल्यावर बोर्ड चालला, पण कार्डाची वाचनं वेळेत येईनात. फौंड्रीत नेऊन लावला तर काही तासांतच तिथून निरोप आला की हा काढा, नोंदीच गळतायत. उद्यमनगरात टेबलावर तोच बिल्ड दोन दिवस सलग चालवला. केसॅन एक शब्द बोलला नाही.

केसॅनचं काही चुकलं नव्हतं. जो कोड चालतो तोच तो तपासू शकतो. दोषाचा रस्ता भट्टीजवळच उघडत होता आणि भट्टीजवळ हा बिल्ड चालत नव्हता. टेबलावर बिल्ड चालत होता, पण तिथे भट्टी नव्हती. इथे मी थांबलो आणि एकाच कॉन्फिगवर, म्हणजे पर्यायांच्या एकाच यादीवर, सगळी कामं टाकायचा विचार सोडून दिला.

फौंड्रीसाठी हलका बिल्ड

जागेवरच्या बिल्डकडून एकच अपेक्षा ठेवली: वेग बदलू नये आणि मरताना चिठ्ठी लिहून ठेवावी.

त्यासाठी पीस्टोअर आणि त्याचा रॅमऊप्स हा भाग चालू केला. रॅममधला एक ठरावीक तुकडा, आमच्याकडे १ एमबी, डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डाच्या हार्डवेअरच्या वर्णनात, राखून ठेवायचा. कर्नल कोसळलं की लॉगचं शेपूट तिथे लिहिलं जातं. बोर्ड रीसेट झाला तरी वीज गेलेली नसल्यामुळे मजकूर शिल्लक राहतो आणि पुढच्या वेळी पीस्टोअरच्या फोल्डरमध्ये फाइल म्हणून दिसतो. हे बसवून तसंच पाठवायचं नाही. ‘सिसआरक्यू-ट्रिगर’ या फाइलमध्ये ‘सी’ हे अक्षर लिहून कर्नल मुद्दाम पाडायचं आणि फाइल येते का ते बघायचं. आमची पहिली चाचणी रिकामी निघाली. कर्नल उतरवणारा बूटलोडर चालू होताना नेमक्या त्याच पत्त्यावर स्वतःची फाइल उतरवत होता. पत्ता बदलला, फाइल आली. ही चाचणी केली नसती तर आणखी एक आठवडा रिकाम्या फोल्डरकडे बघत बसलो असतो.

दुसरं म्हणजे डीबग इन्फो. या पर्यायाने बोर्ड जड होईल असं आमच्या दुकानातल्या मुलाला वाटत होतं. तो नुकताच डिप्लोमा करून आलाय, शंका रास्त होती. पण ती माहिती ‘व्हीएमलिनक्स’ या मोठ्या फाइलमध्ये राहते. बोर्डावर जाणाऱ्या प्रतिमेतून ती काढून टाकलेली असते. व्हीएमलिनक्स दुकानातल्या संगणकावर ठेवायची आणि लॉगमधल्या ‘फंक्शन अधिक इतके बाइट’ अशा नोंदीवरून ओळ क्रमांक काढायचा. त्यासाठी कर्नलच्या स्रोतातच ‘डीकोड_स्टॅकट्रेस’ ही स्क्रिप्ट आहे. एक मात्र झालं: पहिली चिठ्ठी आली तोवर आम्ही नवा बिल्ड करून जुनी व्हीएमलिनक्स पुसून टाकली होती. त्या चिठ्ठीचे ओळ क्रमांक कायमचे गेले. आता प्रत्येक बिल्डची व्हीएमलिनक्स आणि कॉन्फिग तारखेच्या फोल्डरात जाते.

तिसरं, पॅनिक झालं, म्हणजे कर्नलने हात टेकले, की ५ सेकंदांनी कर्नलने स्वतःच रीस्टार्ट करावं, वॉचडॉगची वाट बघू नये. एवढंच.

नऊ दिवसांत तीन चिठ्ठ्या मिळाल्या. एक टायमरच्या कोडात कोसळलेली, दुसरी नेटवर्कच्या, तिसरी फाइल सिस्टिमच्या. मुलगा म्हणाला, "दादा, हे तर तीन वेगळे बग झाले." मला उलट वाटलं. एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणी कर्नल कोसळतं तेव्हा बहुतेक वेळा कोणीतरी तिसराच दुसऱ्याच्या मेमरीत हात घालत असतो.

तिन्ही चिठ्ठ्यांत कोसळण्याच्या जरा आधी एक ओळ सारखी होती. यूएसबीचा गाभा सांगत होता की पोर्ट हबने बंद केला, आणि पुढे कंसात प्रश्नचिन्हासह ‘ईएमआय?’. हे शब्द कर्नलच्या स्रोतातच आहेत. विद्युतचुंबकीय गोंगाटामुळे पोर्ट बंद पडला असावा, असा संशय कर्नल स्वतः व्यक्त करतं. भट्टी चालू होताना काय होतं ते काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यानंतर कार्ड सुटल्याची आणि पुन्हा जोडल्याची नोंद.

मग जुने लॉग चाळले. बोर्ड मेला नव्हता त्या दिवशीही तीच ओळ होती, कधी दिवसातून दोनदा. म्हणजे कार्ड नेहमी सुटत होतं, पण बोर्ड क्वचितच मरत होता.

विष पेरून बघणं

आता टेबलावर भट्टीची गरज उरली नाही. यूएसबी ड्रायव्हरच्या सिसएफएस फोल्डरमध्ये ‘अनबाइंड’ नावाची फाइल असते. त्यात कार्डाचा पत्ता लिहिला की केबल न काढता ड्रायव्हरचं डिस्कनेक्ट फंक्शन चालतं. ‘बाइंड’ मध्ये लिहिलं की पुन्हा जोडलं जातं. दोन ओळींचा लूप केला. शंभरेक वेळा फिरवला. बोर्ड जिवंत.

इथे स्लब डीबग कामाला आलं. हा पर्याय कर्नलमध्ये बांधलेला असला तरी निजलेला असतो, आणि बूटच्या ओळीत ‘स्लब_डीबग’ असं लिहून जागा करता येतो. नवा बिल्ड लागत नाही, म्हणून मी याला फार मानतो. याचं एक काम म्हणजे विष पेरणं: मेमरीचा तुकडा मोकळा झाला की त्यात ६बी (सोळाच्या अंकपद्धतीतला आकडा) हा बाइट ठासून भरायचा, शेवटच्या बाइटला ए५. वाटलेल्या पण अजून कोणी न भरलेल्या तुकड्यात ५ए. हे आकडे एकदा डोळ्यात बसले की लॉगमध्ये लगेच ओळखू येतात.

पहिल्याच अनबाइंडला बोर्ड कोसळला. रजिस्टरांच्या यादीत ६बी६बी६बी६बी६बी६बी६बी६बी. शंभर वेळा न पडणारा बोर्ड आता दर वेळी पडत होता, आणि बोर्ड क्वचित का मरायचा याचं उत्तरही त्यातच होतं. ड्रायव्हर तुकडा मोकळा करत होता, पण त्या तुकड्यात अजून चालू असलेलं काहीतरी होतं. तुकडा दुसऱ्या कोणी उचलला नाही तर त्यातला जुना मजकूर जसाच्या तसा राहतो. त्यावर चालणारं काम निमूट चालतं, कार्ड सापडत नाही म्हणून परत फिरतं, कोणाला काही कळत नाही. अर्ध्या सेकंदाच्या आत तोच तुकडा नेटवर्कने किंवा फाइल सिस्टिमने उचलला, तरच गोंधळ. विष त्या जुन्या मजकुराला शिल्लकच ठेवत नाही.

पण स्टॅकमध्ये, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीत, माझ्या ड्रायव्हरचं नाव नव्हतं. कोसळणारा कोड टायमरचा होता. वेळ झाली म्हणून त्याने यादीतला टायमर उचलला आणि हाती ६बी आले. गुन्हा आधीच होऊन गेलेला, अंगावर आलं ते टायमरच्या. ड्रायव्हर माझाच असल्यामुळे मला अंदाज होता, पण अंदाजावर दुरुस्ती करून फौंड्रीत पाठवायची माझी तयारी नव्हती.

मोकळं करतानाच पकडणं

वापरताना पकडण्याऐवजी मोकळं करतानाच पकडणारा पर्याय हवा होता. तो आहे: डीबग ऑब्जेक्ट्स. २००८ पासून कर्नलमध्ये आहे, पण लोकांच्या बोलण्यात फार येत नाही. टायमर, विलंबित काम अशा वस्तूंची तो वही ठेवतो: कधी तयार झाली, कधी चालू झाली, कधी थांबवली. चालू वस्तू ज्या तुकड्यात आहे तो तुकडा कोणी मोकळा करायला गेला तर तिथेच ओरडतो.

मुलाने कॉन्फिगच्या फाइलीत ‘डीबग ऑब्जेक्ट्स टायमर्स’ ची ओळ लिहिली, बिल्ड केला, लूप चालवला. काहीच नाही. "दादा, टायमरचा दोष नाही वाटतं."

मी बोर्डावरची ‘प्रॉक’ मधली कॉन्फिगची फाइल उघडली. चालू कर्नल कोणत्या पर्यायांनी बांधलंय ते ती सांगते, आणि ती ठेवणारा पर्याय मी कधीच बंद करत नाही. त्यात ती ओळच नव्हती. हा पर्याय ‘डीबग ऑब्जेक्ट्स’ या मुख्य पर्यायाखाली येतो आणि आमच्या मूळ कॉन्फिगमध्ये तो बंद होता. अट पूर्ण नसली की कॉन्फिगची यंत्रणा ती ओळ गुपचूप गाळते. हाताने फाइलीत ओळ लिहिण्यातला हा धोका मोठा आहे. तपासणी झालेलीच नसते आणि आपण समजतो की तपासणीत काही सापडलं नाही. तुकडे जोडण्यासाठी ‘मर्ज_कॉन्फिग’ ही स्क्रिप्ट वापरली तर मागितलेला पर्याय अंतिम फाइलीत आला नाही हे ती निदान सांगते.

दुसऱ्या बिल्डमध्ये टायमर्स आले, तरीही शांतता. कारण मोकळं करताना तपासायचं काम ‘डीबग ऑब्जेक्ट्स फ्री’ या वेगळ्या पर्यायाचं आहे. त्याने प्रत्येक मोकळीक हळू होते, म्हणून तो स्वतंत्र ठेवलाय.

तिसऱ्या बिल्डला, पहिल्या अनबाइंडला, इशारा आला: चालू वस्तू मोकळी केली जातेय, प्रकार टायमर, पुढे खूण म्हणून विलंबित कामाच्या टायमर फंक्शनचं नाव. खाली स्टॅक, आणि त्यात माझं डिस्कनेक्ट फंक्शन, ओळ क्रमांकासह. ती ओळ होती ‘केफ्री’ ची, मेमरी मोकळी करणारी. तिच्या आधी रांगेतलं काम थांबवणारी ओळच मी लिहिली नव्हती. ड्रायव्हर लिहिताना माझ्या डोक्यात कार्ड कायम जोडलेलंच होतं.

दुरुस्ती, आणि तिच्यातल्या चुका

दुरुस्ती एका ओळीची: मोकळं करण्याआधी ‘कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक’. हे फंक्शन रांगेतलं काम काढतं, चालू असेल तर संपेपर्यंत थांबतं, आणि काम स्वतःला पुन्हा रांगेत लावत असलं तरी त्याला पुरून उरतं.

ही ओळ मुलाने लिहिली, पण म्यूटेक्स (एक प्रकारचं लॉक) धरलेला असताना. तोच म्यूटेक्स ते काम स्वतःही घेतं. म्हणजे डिस्कनेक्ट काम संपायची वाट बघणार आणि काम म्यूटेक्सची. टेबलावर हजार वेळा चालूनही हे अडकलं नाही, कारण वेळ जुळून यावी लागते. प्रूव्ह लॉकिंगच्या बिल्डवर मात्र पहिल्याच फेरीत ‘लॉकांचा फेरा होऊ शकतो’ असा इशारा आला. लॉकडेपला प्रत्यक्ष अडकण्याची गरज नसते. वेगवेगळ्या वेळी पाहिलेले क्रम जोडून तो फेरा ओळखतो. ६.१ मध्ये असं काम रद्द करण्याची वाटही तो धरतो, आधीच्या काही आवृत्त्यांत ती सुटायची. ओळ म्यूटेक्सच्या बाहेर आणली.

मग केसॅन. या वेळी टेबलावर, वॉचडॉग बंद, कन्सोल शांत, आणि नोंद ठेवणारा आमचा प्रोग्राम चालू असताना अनबाइंडचा लूप रात्रभर. सकाळी अहवाल तयार होता: मोकळ्या झालेल्या जागेतून वाचन. कोणी वाचलं, जागा कोणी घेतली होती, कोणी सोडली, तिन्हींचे स्टॅक. कार्ड सुटलं तेव्हा आमच्या प्रोग्रामने डिव्हाइसची फाइल उघडीच ठेवली होती. नंतर ती बंद करताना ड्रायव्हर मोकळ्या झालेल्या रचनेत बघत होता. इथे टायमरच नसल्यामुळे डीबग ऑब्जेक्ट्सला हे दिसणं शक्य नव्हतं. रचनेला संदर्भमोजणी, म्हणजे ती किती जणांनी धरलीय त्याची मोजणी, लावली, शेवटचा धरणारा सोडेल तेव्हाच ती मोकळी होते. यूएसबीच्या नमुना ड्रायव्हरमध्ये हे पहिल्यापासून आहे. मी ते गाळलं होतं.

फौंड्रीत आता काय आहे

मूळ कॉन्फिगवर आता दोन वेगळे तुकडे जोडले जातात. टेबलाच्या तुकड्यात केसॅन, लॉकडेप, डीबग ऑब्जेक्ट्स असतात, पण तिन्ही एका बिल्डमध्ये नाहीत. जागेच्या तुकड्यात रॅमऊप्स, फंक्शनांची नावं, डीबग इन्फो, निजलेलं स्लब डीबग आणि कॉन्फिगची फाइल.

जागेच्या तुकड्यात केफेन्स ठेवायचं का यावर आमचा वाद झाला. २०२१ च्या ५.१२ आवृत्तीत आलेली ही यंत्रणा प्रत्येक वाटप न तपासता मधूनच एखादं निवडते, मूळ मांडणीत दर १०० मिलिसेकंदांनी एक, आणि २५५ वस्तूंसाठी साधारण २ एमबी घेते. हार्डवेअर बघणाऱ्या मित्राचं म्हणणं, दोष सापडलाय, आता कशाला. मी ठेवायला लावलं. आमच्यासारख्या दोषाला ते क्वचितच पकडेल हे मला मान्य आहे, पण बोर्ड वर्षानुवर्षं चालणार आहे आणि २ एमबी आमच्याकडे आहेत.

परवा तावडे हॉटेलच्या चौकातून पुढे शिरोलीला गेलो होतो. काकांनी समोरच भट्टी टाकली. लॉगमध्ये ‘ईएमआय?’ ची ओळ आली, कार्ड सुटलं, सेकंदाभरात जोडलं गेलं, वाचन पुढे चालू. केबलीचा मार्ग भट्टीच्या बसबारपासून दूर न्यायचं काम बाकी आहे, ते इलेक्ट्रिशियन बघतोय.

परत येऊन आमच्या दुसऱ्या कार्डाचा जुना ड्रायव्हर डीबग ऑब्जेक्ट्सच्या बिल्डवर लावला. तिसऱ्या मिनिटाला तोच इशारा आला. ती कार्डं तीन ठिकाणी चालू आहेत. या आठवड्यात तिन्हीकडे जायचंय.